ठेका धरणारे दोन गळे

वाद्यांशिवाय गाणारा समूह ऐकताना आपलं लक्ष आधी मुख्य गायकाकडे जातं. मग तोंडाने ड्रम वाजवणारा डोळ्यांत भरतो आणि टाळ्याही बहुधा त्यालाच मिळतात. सगळ्यात खालच्या पट्टीत ‘डूम डूम’ करत उभा असलेला माणूस मात्र कार्यक्रम संपेपर्यंत कुणाच्या फारसा ध्यानात येत नाही. हे पुस्तक या शेवटच्या दोघांविषयी आहे. एक बास गाणारा, दुसरा तोंडी तालवाद्य सांभाळणारा. हे दोघे मिळून एक वाद्य कसे होतात, आणि होत नाहीत तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं, हे शोधायचा हा प्रयत्न आहे.

आकापेला हा शब्द आपल्याकडे आता पुरेसा रुळला आहे. मुळात ते युरोपातल्या चर्चमधलं, वाद्यांच्या साथीशिवायचं समूहगान. आज पॉप, रॉक, जॅझ गाणारे आकापेला समूह त्याहून बरंच वेगळं काही करतात. पाच-सहा जण मिळून अख्खा बॅंड गळ्यातून उभा करतात. एक गाणं म्हणतो, दोघे-तिघे मधल्या स्वरांची भरण करतात, एक बास गिटारच्या जागी उभा राहतो आणि एक ड्रमच्या. बॅंडमध्ये बास आणि ड्रम यांना मिळून ऱ्हिदम सेक्शन म्हणतात, इथेही तेच नाव चालतं. फरक इतकाच की इथे दोन्ही वाद्यांना श्वास घ्यावा लागतो.

हा फरक वरवर दिसतो त्यापेक्षा फार खोल आहे. ड्रमवर काठी पडली की आवाज उठतो आणि आपोआप विरतो. बास गिटारची तार छेडली की तिचा नाद पहिल्या क्षणी सर्वांत मोठा असतो, पुढे तो कमी होत जातो. वादकाने काही न करताही त्या आवाजाला शेवट असतो. गळ्याचं तसं नाही. श्वास आहे तोवर सूर जसाच्या तसा टिकतो, उलट चांगल्या गायकाला तर तो टिकवण्याचंच शिक्षण मिळालेलं असतं. म्हणून गळ्याने ठेका धरायचा तर प्रत्येक सुराचा शेवट ठरवावा लागतो, घडवावा लागतो. मला या पुस्तकात जे सांगायचं आहे ते एवढंच: आवाज वेळेवर सुरू करायला बहुतेक समूह शिकतात, तो वेळेवर संपवायला फार थोडे शिकतात, आणि ठेका घट्ट होतो तो या दुसऱ्या गोष्टीने.

तोंडी ऱ्हिदम सेक्शनचा इतिहास बीटबॉक्सिंगपासून, म्हणजे तोंडाने ड्रम वाजवण्यापासून, सुरू होतो असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. बास पुष्कळ आधी आला, ड्रम मागाहून आले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक इथे १९३४ च्या सुमारास शाळकरी मुलांनी सुरू केलेला गोल्डन गेट क्वार्टेट हा चौघांचा समूह आफ्रिकी-अमेरिकी भक्तिगीतं गायचा. १९३७ मध्ये त्यांनी पहिलं ध्वनिमुद्रण केलं, त्यात आगगाडीची नक्कल आहे. चाकांची लय, शिट्टी, वाफ, सगळं चार गळ्यांतून. तोंडाने ड्रम वाजवणारा असा वेगळा कुणी त्यांच्यात नाही. व्यंजनं इतकी कोरडी आणि नेमकी पडतात की चौघांचे शब्दच तालवाद्य होतात. मी नवशिक्या समूहाला आधी हे ऐकायला लावते, कारण ठेका ही एका माणसाची जबाबदारी आहे ही समजूत त्याने लगेच मोडते.

त्याच काळात ओहायोतल्या पिक्वा गावचे मिल्स ब्रदर्स रेडिओवर गाजत होते. चार भाऊ, एक गिटार, बाकी ट्रम्पेट, ट्यूबा वगैरे सगळं तोंडाने. लोकांचा विश्वास बसेना म्हणून त्यांच्या तबकड्यांच्या लेबलावर एका गिटारीशिवाय कुठलंही वाद्य वापरलेलं नाही असा खुलासा छापावा लागला. यातला थोरला भाऊ, जॉन मिल्स ज्युनियर, गिटार वाजवायचा आणि खालचा ट्यूबाचा स्वरही तोच गायचा. १९३६ मध्ये तो ऐन तारुण्यात वारला आणि त्याची बासची जागा वडिलांनी, जॉन मिल्स सीनियर यांनी घेतली. मुलाच्या जागी बाप उभा राहिला, पण खालचा स्वर रिकामा ठेवून गाणं चालवण्याचा विचार त्या घरात झाला नाही.

पुढे १९४० आणि ५० च्या दशकांत डू-वॉप ही समूहगानाची शैली आली. रेव्हन्स या समूहाच्या जिमी रिक्सने बासला मागून पुढे आणलं. १९६१ मध्ये मार्सेल्स या समूहाचं ‘ब्लू मून’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, त्याची सुरुवातच बास गाणाऱ्या फ्रेड जॉन्सनच्या निरर्थक अक्षरांच्या माळेने होते. त्या गाण्यात मागे वाद्यं आहेत, पण लक्षात राहतात ती अक्षरं. ब्रुकलिनमधल्या पर्स्वेजन्सनी १९६२ पासून वाद्यं बाजूलाच ठेवली. त्यांच्यात ड्रमची नक्कल जवळपास नाही. जिमी हेज यांचा बासच लय चालवतो, आणि त्या लयीत पाय हलल्याशिवाय राहत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतल्या लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझोचा मार्ग आणखी निराळा. खाणकामगारांच्या वसतिगृहांत वाढलेली इसिकाथामिया ही त्यांची गानपरंपरा. जोसेफ शबालाला यांनी या समूहात बास गाणारेच सर्वांत जास्त ठेवले. लय येते ती या जाड थरातून आणि हलक्या, जमिनीला न दुखवणाऱ्या पावलांतून. पॉल सायमनच्या १९८६ च्या ‘ग्रेसलॅंड’मुळे जगाने त्यांना ऐकलं. तोंडी ड्रमशिवाय लय किती ठाम असू शकते याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१९८८ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी अलाबामातल्या ओकवुड कॉलेजातून पुढे आलेल्या टेक सिक्सचा पहिला अल्बम निघाला. त्यात ॲल्विन चेआचा गळा बोटांनी छेडलेल्या डबल बाससारखा चालतो. त्याच वर्षी बॉबी मॅकफेरिनचं ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. वाद्याशिवायचं गाणं तिथवर पोचण्याची ती पहिली वेळ. ते गाणं मॅकफेरिनने स्वतःचाच आवाज एकावर एक मुद्रित करून बनवलं. पण मंचावर तो एकटा, एका गळ्याने गातो तेव्हा शिकण्यासारखं जास्त असतं. तो खालचा एक स्वर देतो, लगेच वरच्या सुरावटीत उडी घेतो, पुन्हा खाली येतो, मधे छातीवर हात आपटतो. प्रत्यक्षात एका वेळी एकच आवाज चालू असतो, तरी ऐकणाऱ्याला बास सतत चालू असल्याचा भास होतो. सोडलेली जागा आपला कान स्वतः भरतो. हे एकदा ध्यानात आलं की प्रत्येक मात्रा आवाजाने भरून काढायची धडपड कमी होते.

या मुख्य धारेत तोंडी ड्रम आले ते हिप-हॉपच्या वाटेने. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डग ई. फ्रेश, फॅट बॉइजचा डॅरेन रॉबिन्सन, बिझ मार्की हे ड्रम मशीनचे आवाज तोंडाने काढत होते. त्यांना साथ द्यायची होती ती रॅपरला, सुरेल समूहाला नव्हे. कॉलेजातल्या आकापेला समूहांनी आणि १९९१ मध्ये डीक शॅरनने सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या हाउस जॅक्ससारख्या मंडळींनी ही कला गाण्यात आणली आणि तोंडी ड्रमला समूहात कायमची जागा दिली. रॉकापेला या समूहात १९९३ मध्ये तोंडी ड्रमसाठी जेफ थॅचर आला, खाली बॅरी कार्लचा बास होताच. एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे अमेरिकेतल्या घराघरांतल्या मुलांच्या कानी हा समूह गेला. २०११ मध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचे तीन शाळासोबती एका स्पर्धेसाठी निघाले, तेव्हा ऑडिशनच्या अगदी तोंडावर त्यांनी आणखी दोघांना बरोबर घेतलं: बास गाणारा आवी कॅप्लन आणि बीटबॉक्सर केविन ओलुसोला. तो समूह म्हणजे पेंटाटॉनिक्स. मूळचे तिघे गाण्यात तयार होते. त्यांना उणीव भासली ती नेमकी या दोन जागांची, हे मला फार बोलकं वाटतं.

भारतीय गाणं या प्रकारात आणण्याचं श्रेय पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या पेन मसाला या समूहाला द्यायला हवं. मुंबईतल्या व्हॉक्ट्रॉनिकाने पुढे आपल्याकडच्या श्रोत्यांना ही चव लावली. आता अनेक कॉलेजांत असे समूह आहेत. त्यांचं गाणं चांगलं असतं, ऱ्हिदम सेक्शन बहुतेकदा सैल असतो. या पुस्तकाची गरज तिथून निर्माण झाली.

आता गळ्याकडे वळू. तोंडी ड्रमचे तीन मूळ आवाज: किक, हाय-हॅट आणि स्नेअर. किक म्हणजे ओठ घट्ट मिटून, तोंडातली हवा दाबून, एकदम सोडलेला ‘प्’. ही हवा फुफ्फुसातून यायची नाही. श्वास रोखून धरा, घसा बंद ठेवा आणि ओठ फोडा. असा ‘प्’ आखूड, कोरडा आणि भारी येतो. श्वास सोडत काढलेला ‘प्’ माइकवर फुसका फुगारा होतो आणि चार ओळींत दमही लागतो. स्नेअर अनेक तऱ्हांनी काढतात. ‘प्फ्’, ‘प्श्’, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे जिभेच्या बाजूने हवा आत ओढून काढलेला ‘क्’. हवा आत जाते म्हणून तो आवाज हाच श्वास होतो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर घेणारा दर वेळी नकळत श्वास घेत असतो. बीटबॉक्सर दहा मिनिटं न थांबता कसा वाजवतो या कोड्याचं बरंचसं उत्तर यात आहे.

हाय-हॅटच्या बाबतीत मराठी माणसाला जन्मजात सोय आहे. ‘चमचा’ किंवा ‘चांगलं’ म्हणताना जीभ दातांमागे टेकून जो च निघतो, त्यातला स्वर काढून टाकला की मिटलेला हाय-हॅट तयार होतो. हिंदीभाषकाला तो मुद्दाम घोटावा लागतो, आपल्याला फक्त त्यामागचा ‘अ’ विसरावा लागतो. च नंतर स लांबवला की तोच उघडा हाय-हॅट. भाषा आणि ही कला यांचं नातं वैज्ञानिकांनीही तपासलं आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एका बीटबॉक्सरच्या तोंडातल्या हालचाली एमआरआयने टिपल्या, तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारा हा माणूस असे आवाज काढत होता जे त्याच्या दोन्ही भाषांत नाहीत, पण जगातल्या इतर भाषांत आहेत.

तबल्याची पढंत ज्याने केली आहे त्याला इथे फायदा आहे आणि एक अडचणही. फायदा कालाचा: मात्रांमधलं अंतर त्याच्या अंगात मुरलेलं असतं. अडचण अशी की पढंतीतला बोल ऐकणाऱ्याला अक्षर म्हणून कळायला हवा असतो. ‘धा’ मध्ये ‘आ’ आहे, ‘आ’ला घोष आहे, घोषाला स्वर आहे. समूह कोमल गंधारावर असताना तालवाल्याचा ‘धा’ भलत्याच स्वरात पडला तर स्वरसंगती गढूळ होते. म्हणून तोंडी ड्रममध्ये घोष जवळपास वर्ज्य. पढंत केलेला विद्यार्थी माझ्याकडे आला की त्याला लय शिकवायला लागत नाही, स्वर गिळायला शिकवावं लागतं.

आता बास. पुरुषाच्या सामान्य खालच्या आवाजात ८२ हर्ट्‌झचा ई निघाला तर तो चांगला बास समजतात. बास गिटारची सर्वांत जाड तार याच्याही एक सप्तक खाली, ४१ हर्ट्‌झवर असते. तिथे गळा पोचत नाही, क्वचित कुणाचा पोचला तरी त्यात जोर नसतो. म्हणून पुष्कळ समूह मंचावर आवाज एक सप्तक खाली नेणारं यंत्र वापरतात. मी त्याच्या विरोधात नाही, पण ते हाती येण्याआधी दोन गोष्टी जमायला हव्यात. पहिली माइकची. बहुतेक गायकांच्या हातात असतो तसा एका दिशेने ऐकणारा माइक ओठांच्या अगदी जवळ आणला की खालचे स्वर आपोआप फुगतात. बास गाणाऱ्याने माइक ओठांना जवळजवळ टेकवून, पण फुंकर जाळीवर थेट न पडेल अशा कोनात धरायचा. दुसरी गोष्ट कानाची. मूळ स्वर क्षीण असला तरी त्याचे वरचे स्वरांश स्पष्ट असले तर कान मूळ स्वर स्वतः जोडून घेतो. लहान स्पीकरवरही आपल्याला बास ऐकू येतो तो याच कारणाने. तेव्हा बास गाणाऱ्याने आवाज जाड आणि काळोखा करायच्या भरीला पडू नये. किंचित धार हवी. ‘डूम’पेक्षा ‘डोम’ पुष्कळदा जास्त खोल ऐकू येतो, करून पाहा.

तारेचं विरणं गळ्यातून कसं आणायचं हा बासचा खरा अभ्यास. ‘डोम’ म्हणताना ड ने आघात होतो, ओ क्षणभर उघडतो आणि ओठ लगेच म वर मिटतात. मिटल्यावर नाद नाकातून वाहत राहतो, पण वरची धार निघून गेलेली असते, त्यामुळे तो विरल्यासारखा वाटतो. स्वर किती वेळ उघडा ठेवायचा आणि म किती वेळ चालू द्यायचा, या दोन मापांवर सगळं अवलंबून आहे. आणि मग तो म थांबवायचा. नुसता मंद होऊ द्यायचा नाही, थांबवायचा.

इथे आपल्या जिभेची एक सवय आड येते. मराठीतले ड, ब, ग म्हणताना ओठ किंवा जीभ सुटण्याआधीच घशात घोष सुरू झालेला असतो. इंग्रजी बोलणाऱ्याचा ड बहुधा तसा नसतो. त्यामुळे मराठी गायकाच्या ‘डोम’ला पुढे एक छोटीशी गुणगुण चिकटलेली असते. किकचा ‘प्’ मात्र लख्ख, एका क्षणाचा. दोघांनीही आपापल्या परीने वेळ अचूक पकडली तरी ऐकताना बास आधी आल्यासारखा वाटतो, बास गाणाऱ्याने ती गुणगुणच मात्रेवर ठेवली तर उशिरा. यावर उपाय साधा आहे: मात्रेवर यायला हवं ते जिभेचं सुटणं. गुणगुण तिच्या आधी होऊन जायला हवी. शिवाय ८२ हर्ट्‌झच्या स्वराचं एक आवर्तनच सुमारे १२ मिलिसेकंद घेतं आणि कानाला स्वर ओळखायला अशी काही आवर्तनं लागतात. म्हणजे खालचा स्वर कळायलाच वेळ लागतो. अनुभवी बास गायक किंचित आधी सुटतात ते याचमुळे. त्यांना कारण सांगता येतंच असं नाही.

एवढं जमलं की दोघांना एकत्र आणायचं. जिन्यावरून कपाट उतरवणाऱ्या दोन माणसांना उचलण्याचा क्षण सांगावा लागत नाही, दोघे एकमेकांकडे बघून उचलतात. घात होतो तो खाली ठेवताना, एकाने आधी सोडलं तर. बास आणि तालाचंही तसंच आहे.

माझ्या सरावात मी एक छोटा खेळ खेळायला लावते. लय मिनिटाला १०० मात्रांची, म्हणजे एका मात्रेला ६०० मिलिसेकंद. तालवाला पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर किक देतो, दुसऱ्या आणि चौथ्यावर स्नेअर. मधे हाय-हॅटसुद्धा नाही. बासवाला एकच स्वर गातो, किकबरोबर सुरू करून. पहिल्या फेरीत तो स्वर पुढच्या किकपर्यंत ताणतो. गाणं संथ, भावगीताच्या अंगाचं होतं. दुसऱ्या फेरीत तो स्वर बरोबर स्नेअरवर तोडतो, स्नेअर वाजला की बास नाही. त्याच क्षणी बाकीच्या मंडळींच्या माना हलू लागतात. तिसऱ्या फेरीत तो अर्ध्या मात्रेतच थांबतो, स्नेअरच्या आधी निखळ रिकामी जागा राहते, आणि तोच एक स्वर नाचायला लावतो. स्वर बदलला नाही, लय बदलली नाही, किक आणि स्नेअर तिथेच आहेत. बदलला तो फक्त शेवट. आजवर ज्या ज्या समूहाबरोबर हे केलं तिथे दुसऱ्या फेरीला कुणीतरी हसलं आहे, आनंदाने.

उलटं काय होतं तेही याच खेळात दिसतं. बासचा म स्नेअरवर सांडला की स्नेअर दबलेला वाटतो. तालवाला तो जोरात मारू लागतो. मधले आवाज त्याच्यावर चढतात. मुख्य गायकाला स्वतःचं ऐकू येईना की तो ताणतो, आणि ताणलेला गायक पुढे पळतो. दोन कडव्यांत लय वाढलेली असते आणि सगळे तालवाल्याकडे रागाने बघत असतात. मूळ कारण एका ‘म’चं अर्ध्या मात्रेचं शेपूट होतं.

श्वासाचं नियोजन याच हिशेबात बसतं. तालवाल्याची सोय आत ओढलेल्या ‘क्’मध्ये आहे, बासवाल्याची नाही. त्याला हवा संपली की तो जिथे असेल तिथे तोडतो, आणि अशा तोडण्याने ठेका लंगडा होतो. म्हणून त्याचे श्वास गाण्याच्या कागदावर लिहून ठेवायचे. चार-आठ आवर्तनांच्या शेवटी तालवाला भरणीचा तुकडा घेतो, ती जागा बासच्या मोठ्या श्वासाला सोन्यासारखी. तुकड्यातून बाहेर पडताना पहिल्या मात्रेवर दोघेही ताजे असतात आणि ती मात्रा ठणकून येते.

उभं कुठे राहायचं हा प्रश्नही वाटतो तितका किरकोळ नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद. अर्धवर्तुळाच्या दोन टोकांना सहा मीटर अंतरावर हे दोघे उभे असतील तर एकाचा आघात दुसऱ्याला सतरा-अठरा मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो त्याला धरून गातो, त्याचा आवाज परत तितकाच उशिरा पहिल्याकडे जातो. अशाने गाणं रेंगाळतं. दोघांनी खांद्याला खांदा लावून उभं राहावं, एवढ्याने बऱ्याच समूहांचा अर्धा प्रश्न सुटतो.

मधल्या आवाजांबद्दल मी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, इथे थोडक्यात. ‘आ’ आणि ‘ऊ’ची गादी पसरणं त्यांना सोपं जातं आणि बहुतेक संगीतसंयोजनांत त्यांना तेवढंच काम असतं. पण ज्या गाण्यात गिटारचा खणखणाट हवा तिथे ‘जिन्’, ‘डिट्’, ‘नाउ’ अशी आखूड अक्षरं देऊन त्यांना ऱ्हिदम सेक्शनमध्ये ओढावं. मात्र तेव्हा तालवाल्याने हाय-हॅट कमी करावा. आवर्तनाच्या सोळाव्या हिश्श्याची हालचाल एकाच ठिकाणाहून यावी, तीन ठिकाणांहून आली की तिचा चुरा होतो.

रेकॉर्डिंगविषयी मला कळकळीने सांगायचं आहे. आज आकापेलाचे जे अल्बम तरुण मंडळी ऐकतात, त्यांत पुष्कळदा प्रत्येक गायक वेगळा, कानात मेट्रोनोमची टिकटिक घेऊन गायलेला असतो. नंतर संगणकावर प्रत्येक आघात जागेवर सरकवतात, स्वर जुळवतात, किकखाली खोल आवाज मिसळतात. ते एक स्वतंत्र शिल्प आहे, त्याचा मान आहे. पण खोलीत उभ्या असलेल्या पाच माणसांनी त्याच्याशी स्वतःची तुलना करून खचून जाऊ नये, आणि त्या आवाजाची नक्कल करायला जोरही लावू नये. त्यांनी पर्स्वेजन्स ऐकावेत, टेक सिक्सचे मंचावरचे कार्यक्रम पाहावेत. माणसं एकमेकांकडे बघून लय धरतात तेव्हा ती किंचित श्वास घेते. ती हालचाल दोघांची एकत्र असेल तर ऐकणाऱ्याला ती घट्टच वाटते.

मुलींच्या समूहांकडून एक प्रश्न हमखास येतो: आमच्याकडे बास कोण गाणार? उत्तर असं की खालच्या आवाजाची मुलगी १६५ हर्ट्‌झच्या आसपासचा ई सहज गाते आणि तिथून बासची ओळ चालवता येते. सप्तक वरचं असतं, पण काम तेच होतं, कारण बासचं काम जितकं खोलीचं आहे तितकंच चालीचं आहे. अट एक: बाकीच्यांनी तिच्या पट्टीत उतरायचं नाही, तिच्या आणि वरच्या आवाजांमध्ये मोकळी जागा राहायला हवी. अशा समूहात सुराचा शेवट पुरुषांच्या समूहाहूनही काटेकोर लागतो. मी स्वतः हीच जागा गाते, त्यामुळे हे प्रकरण लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला आणि सर्वांत जास्त समाधानही मिळालं.

पुस्तकाचा क्रम सरावाचा आहे, वाचनाचा नाही. पहिल्या चार प्रकरणांना दोनच माणसं लागतात, एक बास आणि एक ताल, आणि मोबाइलवरचा मेट्रोनोम. तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजेल असा लावायचा, पहिल्यावर नव्हे. मग दोन आवर्तनं वाजू द्यायचा, दोन आवर्तनं बंद ठेवायचा आणि तो पुन्हा सुरू होतो तेव्हा तुम्ही त्याच्याबरोबर आहात का ते पाहायचं. हे तीन वेगवेगळ्या लयींत जमेपर्यंत बाकीच्या गायकांना बोलावू नका. मुख्य गायकाला तर सहाव्या प्रकरणापर्यंत घरीच राहू द्या.